सप्ताहात 'माझा अनुभव' सांगायचा आहे. कसा मांडू?

सुरंगी

मंडळी, आमचं गाव दापोली तालुक्यात, किनाऱ्याला लागून. बहुतेक घरं मासेमारीवर. दर श्रावणात विठ्ठल मंदिरात हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. यंदा मंडळाने ठरवलंय की हरिपाठ आणि कीर्तन यांच्यामध्ये रोज गावातल्याच एकाने पंधरा मिनिटं बोलायचं. देवावर विश्वास कसा बसला, कसा टिकला, एवढाच विषय. बायकांमधून माझं नाव पुढे आलं आणि मी हो म्हटलं.

सांगण्यासारखं माझ्याकडे आहे. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा माझा भाऊ बोटीवर खलाशी होता. दुपारनंतर बोटीशी संपर्क तुटला. आई आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जाऊन बसली आणि तिथे नवस बोलली. त्या रात्री घरात चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी जयगडहून फोन आला की बोट खाडीत आहे, सगळे सुखरूप. तोवर देव हा आईचा प्रांत होता. ती पूजा करायची, मी प्रसाद खायचे. त्या रात्रीपासून माझं आणि त्याचं बोलणं सुरू झालं, ते आजवर चालू आहे.

अडचण वेगळीच आहे. त्याच दिवशी आमच्या शेजारचे काका परत आले नाहीत. ते दुसऱ्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. काकूंनीही त्याच देवाला तसाच नवस बोलला होता. आज काकू सप्ताहात पहिल्या रांगेत बसतात, टाळ घेऊन. 'देवाने माझ्या भावाला परत आणलं' हे वाक्य मी त्यांच्या डोळ्यांत बघून कसं म्हणू? आणि ते गाळलं तर माझ्या गोष्टीत उरतं काय? ज्यांनी कधी असं काही लोकांसमोर सांगितलंय त्यांनी कृपया लिहा.

टाळकरी

ताई, आपल्या भाषेत स्वतःच्या श्रद्धेची हकीकत सांगायची असेल तर आधी तुकोबांकडे जावं. संतांनी विचारलं म्हणून त्यांनी आपली कहाणी एका अभंगात सांगितली आहे, ती गाथेत 'याती शूद्र' या शब्दांनी सुरू होते. मी चिपळूणजवळच्या आमच्या दिंडीत ती अनेक वर्षं म्हणतोय आणि आता तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने पुन्हा वाचली.

बघा ते काय करतात. सुरुवातीलाच सांगतात की हे बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून शब्द पाळतो. मग आई-वडील गेल्याचं. मग दुष्काळ, म्हणजे १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ. पैसा गेला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. हे सगळं मोजक्या शब्दांत. स्वतःचं दुःख ते रंगवत नाहीत आणि झाकतही नाहीत. त्यानंतर काय येतं? एखादा साक्षात्कार येईल असं वाटतं. येतं ते मोडकं देऊळ. देऊळ भंगलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन करू लागलो, तेव्हा मनाला त्याची सवय नव्हती. संतांची वचनं पाठ केली. गाणाऱ्यांच्या मागे धृपद धरलं. विश्वास कसा आला ते असं हातापायांच्या कामातून कळतं.

वह्या बुडवल्या, धरणं धरून बसलो, नारायणाने समाधान केलं, एवढंच इथे म्हणतात. वह्या पाण्यातून कशा आल्या त्याचं वर्णन या अभंगात करत नाहीत. आणि शेवटी, विस्ताराने सांगितलं तर फार उशीर होईल, आता पुरे; पुढचं काय ते देवाला ठाऊक.

तुमच्या काकूंबद्दल मला यातून जे दिसतं ते असं. ती भुकेने गेलेली बायको तुकोबांच्या गोष्टीत आहे. तिला देवाने का वाचवलं नाही याचा हिशेब त्यांनी लावलेला नाही. तिच्या मरणातून मला अमुक शिकायला मिळालं असंही ते इथे म्हणत नाहीत. ती गेली, आणि ती गेली हे ते सांगतात. तुम्हीही काकांना गोष्टीतून बाहेर ठेवू नका. फक्त त्यांच्या जाण्याचं कारण देऊ नका.

कणकवली बाजारपेठ

आमच्याकडे जत्रेला गाऱ्हाणं घालतात ते ऐकलं असेलच. 'बा देवा म्हाराजा' म्हणून गावकर एकेक मागणं मांडतो आणि बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. त्यात एकट्याचं काहीच नसतं. मुंबईला गेलेले चाकरमानी, लेकीबाळी, गुरंढोरं, वाट चुकलेले, सगळ्यांचं मागितलं जातं. माझी सूचना: जे वाक्य तू बोलशील त्याला काकूंसकट सगळ्या सभेला 'होय म्हाराजा' म्हणता येईल का ते बघ. नसेल तर वाक्य बदल.

आणि बोलीत बोल. आईने नवस ज्या बोलीत बोलला त्या बोलीत.

उभादांडा

सुरंगीताई, मी वेंगुर्ल्याची, ख्रिस्ती. आमच्या मंडळीत याला साक्ष देणं म्हणतात आणि ते आम्ही लहानपणापासून ऐकतो. उपासनेत एखादी उठते, पाच-सात मिनिटं बोलते, बसते. त्यामुळे चांगली साक्ष कोणती आणि नुसतीच लांबलेली कोणती हे कानाला कळायला लागतं.

शिकवताना साधारण तीन भाग सांगतात: आधी मी कशी होते, काय घडलं, त्यानंतर काय बदललं. रचना सोपी आहे आणि चालते, पण तिचे दोन धोके मी बघितलेत. एक म्हणजे 'आधी' फुगत जातं. माणूस आपलं जुनं आयुष्य इतकं काळंकुट्ट करून सांगतो की ऐकणाऱ्याला त्यातच रस वाटू लागतो. दुसरा धोका 'नंतर'मध्ये: सगळं छान झालं, आता काही दुःख नाही. हे कोणाच्याच बाबतीत खरं नसतं आणि गावात तर शेजाऱ्यांना ठाऊक असतं की खरं नाही.

पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा आणि पुढे स्वतःच ख्रिस्ताचा प्रेषित झाला; त्याची गोष्ट मला यासाठी फार उपयोगी वाटते. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात दमास्कसच्या वाटेवर तो पालटला तो प्रसंग तीनदा येतो. नवव्या अध्यायात लेखक सांगतो. बाविसाव्यात पौल स्वतः यरुशलेमच्या खवळलेल्या जमावाला सांगतो, सव्विसाव्यात अग्रिप्पा राजाला. घटना एकच. पण जमावासमोर तो त्यांच्या भाषेत बोलतो, मीही यहूदी, गमलिएल गुरूच्या पायाशी शिकलो असं म्हणून सुरुवात करतो आणि हनन्या या धार्मिक माणसाबद्दल सविस्तर सांगतो, कारण त्या लोकांत हनन्याला मान होता. राजासमोर हनन्याचं नावसुद्धा घेत नाही. म्हणजे समोर कोण बसलंय ते बघून काय ठेवायचं, काय सोडायचं हे ठरवायला हरकत नाही. घडलेलं बदलायचं नाही.

दुसरी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायातल्या आंधळ्याची. त्याला दृष्टी आली तेव्हा मोठमोठे लोक त्याला घेरून विचारतात की तुला बरं करणारा पापी आहे की नाही. तो म्हणतो, ते मला माहीत नाही. एक माहीत आहे, मी आंधळा होतो, आता मला दिसतं. मला वाटतं तुम्हाला एवढं पुरेल. जे ठाऊक आहे तिथे उभं राहायचं. काकांचं काय झालं आणि का, हे तुम्हाला ठाऊक नाही. ते सांगायला तुम्हाला कोणी बोलावलेलंही नाही.

दर्यावर्दी

ताई, मी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा. आमची बोट बिस्मिल्ला म्हणून सुटते, तुमची नारळ फोडून, पण फयानचा दिवस आपल्या दोघांचा एकच. मला लिहिण्यातलं फार कळत नाही. पण ऐकणारे सगळे दर्यावरचे असतील तर एक सांगतो.

बोट कुठे होती? वारा कुठून होता? जयगडलाच का गेली? हर्णै-आंजर्ल्याची बोट वादळात आधी घराकडे पळते. हर्णै बंदर उघडं, म्हणून आंजर्ल्याच्या खाडीत शिरायला बघते. जयगड आणि देवगड ही आसऱ्याची बंदरं खरी, २०१७ च्या ओखी वादळात तर केरळ-तमिळनाडूकडच्या बोटी देवगडात येऊन थांबल्या होत्या. पण घर उत्तरेला असताना माणूस दक्षिणेला वळतो तेव्हा त्याला काहीतरी कारण असतं. ते कारण तुमच्या गोष्टीत नाही. तुमच्या पुढे बसलेल्या प्रत्येक तांडेलाच्या मनात हाच प्रश्न येणार आणि तिथेच त्याचं लक्ष तुटणार.

भावाला विचारा. तो सांगेल तसंच सांगा. देवाचं नाव घेऊन जे सांगायचं त्यात दर्याचं एक अक्षरही चुकीचं नको.

प्रश्नचिन्ह

मी देव मानत नाही, तरी लिहितो, कारण प्रश्न प्रामाणिक आहे आणि अशा सभांना मी बसतो. माझी आई वारकरी आहे.

मला कोणाचा अनुभव ऐकावासा वाटतो? जो घडलेलं आणि त्याचा आपण लावलेला अर्थ वेगळे ठेवतो त्याचा. 'दुसऱ्या दिवशी जयगडहून फोन आला' हे घडलं. 'देवाने आणलं' हा तुमचा अर्थ. दोन्ही सांगा, अर्थ सांगायला लाजू नका, पण एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते ऐकणाऱ्याला दिसू द्या. 'मला त्या रात्री असं वाटलं' या शब्दांवर माझ्यासारख्यालाही बोट ठेवता येत नाही.

मंडळालाही एक सांगा. बाकीच्या दिवशी बोलणाऱ्यांपैकी कोणी 'डॉक्टरांनी हात टेकले, मग औषध बंद केलं आणि अंगाऱ्याने बरं वाटलं' असं काही सांगणार असेल तर आधी त्याच्याशी बोला. सभेत शुगरच्या गोळ्या चालू असलेली माणसं बसलेली असतात. इथे कायद्याचा प्रश्न नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कीर्तन, प्रवचन, भजन, वारी यांना मुळीच हात लावलेला नाही. पण कोणी ऐकून औषध सोडलं तर?

सुरंगी

सगळ्यांचे आभार. पहिला खर्डा केला, त्यातला मधला भाग इथे टाकते. निर्दयपणे सुचवा.

'आई पायऱ्या चढून गेली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. मी मागून गेले. ती गाभाऱ्यासमोर बसली होती आणि डोळे मिटलेले नव्हते. ती देवाकडे रागाने बघत होती. मी असं कधी बघितलं नव्हतं. ती म्हणाली, माझा पोर दे, मी तुला एकवीस नारळांचं तोरण बांधीन. मग म्हणाली, नाही दिलास तरी मी कुठे जाणार आहे? हे दुसरं वाक्य माझ्या मनात राहिलं. माझा विश्वास त्या दुसऱ्या वाक्यावर बसला. आणि खरोखर, त्या मायमाऊलीच्या अढळ श्रद्धेपुढे खवळलेल्या सागरालाही नमावं लागलं, काळाच्या जबड्यातून तिचं लेकरू परत आलं. ज्याची श्रद्धा खरी त्याला देव कधीच निराश करत नाही.'

आगरातला

शेवटची दोन वाक्यं काढा. आजच काढा.

मी दिवेआगरचा. आमच्याकडे १९९७ मध्ये सुपारीच्या वाडीत तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मार्च २०१२ मध्ये देवळावर दरोडा पडला, मुखवटा गेला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. २०२१ मध्ये मुखवट्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. ही गोष्ट पाहुण्यांना सांगताना लोक 'देव गेला होता, देव परत आला' असं सांगतात आणि मधली वर्षं एका श्वासात ओलांडतात. ते दोघे तर बऱ्याचदा येतच नाहीत गोष्टीत. त्यांच्याही घरी देव्हारा असेलच की. त्यांची श्रद्धा खोटी होती का? 'ज्याची श्रद्धा खरी त्याला देव निराश करत नाही' या वाक्याने त्या दोघांवर आणि तुमच्या काकूंवर आरोप होतो. बोलणाऱ्याच्या मनात तो नसतो, पण ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो.

माझं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची वाडी आडवी झाली. वडिलांनी लावलेली सुपारी, नारळ, सगळं काही तासांत जमिनीवर. रोठ्याचं, म्हणजे आमच्याकडच्या सुपारीचं पीक हातात यायला वर्षं लागतात, वाडी पुन्हा उभी राहायला एक पिढी. आमच्याकडेही त्या सकाळी देवापुढे दिवा लावलेला होता. वादळानंतर कित्येक महिने मी देवळात गेलो नाही. आई जात राहिली, मला काही बोलली नाही. पुढे रोपं लावायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या रोपाच्या खड्ड्याशी हळदकुंकू वाहताना माझाच हात पुढे झाला. का झाला ते मला अजून नीट सांगता येत नाही. मला काही परत मिळालेलं नाही, तरी मी आहे तिथेच आहे. माझ्यासारख्याला सभेत बोलायला कोणी बोलवत नाही, कारण माझ्या गोष्टीला शेवट नाही.

तुमच्या आईचं ते दुसरं वाक्य, 'नाही दिलास तरी मी कुठे जाणार आहे', हे ऐकून मात्र मी तुमच्या सभेत शेवटपर्यंत बसेन.

उभादांडा

आगरातले दादा, तुमचीही साक्षच आहे हो. आमच्याकडे अशांना उभं करतात, निदान करायला हवं.

सुरंगीताई, खर्ड्याबद्दल. आईची रागीट नजर ठेवा, तेवढ्यावरूनच कळतं की तुम्ही तिथे होतात. 'मायमाऊली', 'काळाचा जबडा', 'खवळलेला सागर' हे तुमचे शब्द नाहीत, ते भाषणांतून येऊन बसलेत. तुमची वाक्यं लहान असतात. जिथे वाक्य अचानक लांब आणि दागिन्यांनी भरलेलं होतं तिथे थांबून बघा, बहुतेक वेळा तिथे काहीतरी सांगायचं टाळलेलं असतं.

रेवदंडा

उशिरा लिहितोय. आमचं घराणं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, अलिबागच्या इस्रायल आळीतलं. आता बहुतेक नातेवाईक इस्रायलला आहेत.

पेसाह या सणाच्या रात्री आमच्याकडे मिसर म्हणजे इजिप्तमधून सुटकेची गोष्ट सांगतात. हौसेनं सांगायची नसते, सांगणं हे कर्तव्यच असतं, आणि प्रत्येकाने आपण स्वतः तिथून बाहेर पडलो असं मानून सांगायची. त्या विधीची पोथी १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. मिसरवर आलेल्या दहा संकटांची नावं घेताना पेल्यातून थेंब थेंब बाहेर काढायचा. आमच्याकडे पेल्यात मनुकांचं सरबत असायचं. आजोबा कारण सांगायचे: आपण सुटलो त्या दिवशी समुद्रात दुसरी माणसं बुडाली, म्हणून आपल्या आनंदाचा पेला काठोकाठ नको.

नवस फेडण्याबद्दलही. आमच्यात नवस फळला की मलिदा करतात; पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, आणि एलियाहू हनबी या संदेष्ट्याचं स्तवन. तो ताटातला मलिदा घरी आलेल्या सगळ्यांना वाटतात, त्यात ज्यांचा नवस फळला नाही तेही असतात. तुमच्या आईचं एकवीस नारळांचं तोरण कोणाकोणाच्या घरी गेलं, ते आठवतंय का?

सुरंगी

रेवदंडा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आईने दिलं. तोरणातला पहिला नारळ काकूंकडे गेला होता आणि काकूंनी तो घेतला होता. मला हे माहीतच नव्हतं.

पण त्याहून मोठं काही झालंय. दर्यावर्दी दादांनी सांगितलं म्हणून भावाला फोन करून विचारलं, जयगडलाच का गेलात. तो गप्प बसला. म्हणाला, घरी आलो की सांगतो. काल आला आणि सांगितलं.

त्यांची बोट गुहागरच्या समोर होती. घराकडे तोंड करून निघाले होते. काकांची बोट त्यांच्या पुढे, आंजर्ल्याच्या जवळ पोहोचली होती. वायरलेस भावाच्या हातात होता. त्यावर काकांचा आवाज आला: आमचं इंजिन बंद पडलंय, ओहोटी लागलीय, खाडीच्या मुखावर गाळात लाट फुटतेय, इकडे येऊ नका, मागे वळा, जयगड धरा. यांच्या तांडेलाने विचारलं, तुमच्याकडे येऊ का. काका ओरडले, येऊ नका म्हणतो ना, पोरं आहेत तुमच्या बोटीवर. त्यानंतर खरखर.

हे भावाने इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. काकू समोर आल्या की तो रस्ता बदलतो, हे मी बघत आले होते. मला वाटायचं त्याचा स्वभाव तसा आहे.

आता पंधरा मिनिटांत काय सांगायचं ते बाजूला राहिलं. आईचा नवस आणि काकांचा आवाज एकाच दुपारचे आहेत. त्या दिवशी देव कुठे होता असं कोणी मला विचारलं तर मी आता त्या वायरलेसकडे बोट दाखवेन. पण काकूंना हे माहीत नाही. मी काय करू?

टाळकरी

ताई, माईकच्या आधी काकूंचं घर. सभेत त्यांना हे पहिल्यांदा ऐकावं लागता कामा नये. तुम्ही एकट्या जाऊ नका, भावाला न्या, सांगायचं त्यानेच. आणि त्या 'सप्ताहात सांगू नका' म्हणाल्या तर सांगायचं नाही. मग तुमच्या पंधरा मिनिटांत फक्त आई आणि ते दुसरं वाक्य. तेवढंही भरपूर आहे.

दर्यावर्दी

भावाला माझा सलाम सांगा. त्याला सांगा की त्या समुद्रात वळून मदतीला गेले असते तर दोन बोटी गेल्या असत्या. तांडेलाला ते माहीत होतं म्हणूनच तो ओरडला. हे मी मन राखायला म्हणत नाही, कुठल्याही बंदरावर विचारा.

प्रश्नचिन्ह

दुपारी लवकर जा. रात्री सांगितलंत तर त्यांना एकटीने ते घेऊन झोपावं लागेल.

सुरंगी

जाऊन आलो. आई, मी आणि भाऊ.

भावाने सांगितलं. मध्ये दोनदा थांबला. काकू पाट सोडून उठल्या नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, परत सांग. त्याने परत सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आवाज घाबरलेला होता काय? भाऊ म्हणाला, नाही, नेहमीसारखे ओरडत होते. काकू म्हणाल्या, ओरडायचेच ते. मग रडल्या, आणि आई त्यांच्याजवळ सरकली. थोड्या वेळाने त्यांनी मुलाला मुंबईला फोन लावला आणि भावाला म्हणाल्या, आता याला सांग. म्हणजे त्याने त्या संध्याकाळी तीनदा सांगितलं.

निघताना मी सप्ताहाचा विषय काढला. देवाबद्दल काय बोलू ते विचारलं. काकू म्हणाल्या, तुझं तू बोल, तुझ्या आईचं बोल. मी नारळ घेतला होता तो रागाने फेकून देणार होते, पण घरात देवाशिवाय बोलायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून ठेवला. हेसुद्धा सांग हवं तर. पण वायरलेसचं तू नको सांगूस. ज्याने ऐकलं त्याला उभा कर.

आता असं ठरतंय: दहा मिनिटं मी, आईची आणि माझी गोष्ट. काकूंचा नारळ त्यांच्याच शब्दांत. मग भाऊ, त्याला जमेल तेवढं. 'देवाने परत आणलं' हे वाक्य मी ठेवणार आहे, कारण मी ते मानते. त्याच्या आधी 'काकांनी वळवलं' हे येईल.

कणकवली बाजारपेठ

होय म्हाराजा.

आगरातला

काकूंचं नारळाचं वाक्य माझ्यासाठी लिहून ठेवलंय. सप्ताहाचे दिवस कळवा, दिवेआगरहून बाणकोटमार्गे येतो. बागमांडल्याची फेरी मिळाली की फार लांब नाही.

उभादांडा

भावाला कागद देऊ नका. घरी तीनदा सांगितलंय त्याने, त्याला येतं. तुम्ही मात्र पहिलं आणि शेवटचं वाक्य लिहून पाठ करा, बाकी मुद्दे. मध्ये कंठ दाटला तर पाण्याचा घोट घ्या, माफी मागू नका. आणि तुम्ही बोलताना काकूंकडे सारखं बघू नका, सगळी सभा त्यांच्याकडे बघायला लागेल.

टाळकरी

मंडळाला तीन गोष्टी आत्ताच सांगून ठेवा. शाल-श्रीफळ नको. निवेदकाने नंतर 'किती हृदयस्पर्शी' वगैरे बोलू नये, थेट गजर सुरू करावा. भावाला बसून बोलू द्या, माईक स्टँडवर. हातात माईक आला की नवखा माणूस त्याच्याकडेच बघत बसतो. दिवस कोणता घेताय? काल्याच्या आदल्या दिवशी गर्दी आणि स्वयंपाकाची धांदल असते, तो टाळा.

सुरंगी

चौथा दिवस मागितलाय, मंडळ हो म्हणालंय. शाल-श्रीफळाचं सांगितलं, निवेदक थोडा नाराज झाला पण ऐकलं त्याने. काकूंचा मुलगा मुंबईहून येतोय. नारळी पौर्णिमेनंतर भावाची बोट बाहेर पडेल, वारा बरा राहिला तर आदल्या संध्याकाळपर्यंत परत येईल. नाहीच आली तर पाचव्या दिवशी बोलणाऱ्या गुरुजींशी अदलाबदल करायचं बोलून ठेवलंय.